गाडीतला हिशेबनीस

पूर्वी गाडी बिघडली की मेस्त्री बॉनेट उघडून इंजिनाला कान लावत असे. आज तो आधी डॅशबोर्डखालच्या सॉकेटला तपासणीचे यंत्र जोडतो. बेळगावात गेली पंचवीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. गिऱ्हाइकांचा प्रश्न मात्र एकच, कुणाचा मराठीत, कुणाचा कन्नडमध्ये : "इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय, काय झालंय?" आणि सोबत आलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "एनू आगंगिल्लरी!" काही होत नाही, चालव! या गोंधळात घरचा पुष्कळ पैसा वाया जातो, म्हणून हे चार शब्द.

त्या दिव्यामागे असतो ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. कार्बोरेटरच्या काळात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण स्क्रू फिरवून बसवले जाई. ईसीयू हा हिशेब सतत नव्याने मांडतो. इंजिन किती वेगाने फिरते, पाणी किती तापले, पाय किती दाबला, धुरात ऑक्सिजन किती उरला, ही खबर सेन्सर त्याला देतात. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे तो ठरवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर इंजेक्टर मिळून सेकंदाला १०० वेळा पेट्रोल सोडतात. चोर्ला घाटाची चढण असो की बाजारातली गर्दी, हिशेब चुकत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतर नव्या स्कूटर आणि मोटारसायकलीही इंजेक्शनवर आल्या. तेव्हा हा विषय केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही.

कोड ही तक्रार असते

काही बिनसले की ईसीयू एक कोड नोंदवून ठेवतो. उदाहरणार्थ, पी-०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे. आता यात दोष हवेच्या फाटक्या नळीचा असेल, पेट्रोलच्या कमी दाबाचा असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा सेन्सर बिघडला असेल. कोड वाचून थेट सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

माझ्या एका नातेवाइकाला एका ठिकाणी "ईसीयू गेला" असे सांगून मोठा आकडा सांगितला होता. मी पाहिले तर इंजिनाची अर्थिंगची वायर गंजली होती. ती घासून घट्ट बसवली आणि गाडी चालू लागली. ईसीयू जातच नाही असे नाही; पण वायर, कनेक्टर आणि अर्थिंग आधी तपासावे. शिवाय अनेक गाड्यांत चावीतली चिप ईसीयूशी जुळवलेली असते. त्यामुळे दुसरा ईसीयू नुसता आणून बसवल्याने भागत नाही.

हे लक्षात ठेवा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश चालवत दोन-चार दिवसांत दाखवा. दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. अशा वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापते, आणि तो महागडा भाग खराब होतो. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करावे.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून डायनॅमो तपासण्याची जुनी सवय आता सोडावी. विजेचा झटका ईसीयूला मारू शकतो. गाडीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवून घ्यावी. इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. पावसात गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारूच नये. जादा हॉर्न, दिवे लावताना मूळ वायर कापू देऊ नयेत.

जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बॅटरी सोडवून किंवा यंत्राने कोड पुसला तर दिवा काही काळ विझतो. यंत्र लावले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात, आणि कोड नुकताच पुसल्याचा संशय घ्यायला जागा राहते.

मेस्त्रीला नेहमी विचारा : कोड काय आला, आणि पार्ट बदलण्यापूर्वी तपासले काय? दोन्ही उत्तरे कागदावर लिहून घ्या. एक विनंती मात्र आहे. आपल्याकडे पार्टचे पैसे मुकाट देतात आणि तपासणीच्या मजुरीवर घासाघीस करतात. मग मेस्त्रीही पार्ट बदलण्यातच पोट भरायला शिकतो. जो तासभर खपून गंजलेली वायर शोधतो, त्याच्या हातावर मजुरी पूर्ण ठेवा. पुढच्या वेळीही तो आधी वायरच शोधेल.