घर सोडणारी मुलगी

बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमात घर सोडून निघालेल्या मुलीचं एक गाणं आहे. मोनोमध्ये ते जलद आणि वरच्या पट्टीत वाजतं, स्टीरिओत संथ. फरक काही सेकंदांचाच. पण संथ गाण्यात मला आईबापांचा हुंदका ऐकू येतो, जलद गाण्यात मुलीची पावलं.

मोनोच्या मिश्रणात बीटल्सनी जातीनं लक्ष घातलं. स्टीरिओचं काम बव्हंशी त्यांच्या गैरहजेरीत उरकलं. तरी १९८७ मध्ये सीडी निघाली ती स्टीरिओचीच! २०१७ मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी नवं स्टीरिओ मिश्रण केलं, त्यात मोनोचा वेग परत आणला. आवाज कसा भरदार! आमच्या हिला मात्र जुना स्टीरिओच हवा. पोर तेवढीच जरा जास्त वेळ घरात राहते, म्हणते.