दुभाष्यासह रवानगी

पायथॉन भाषेत लिहिलेली एखादी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, आपल्या संगणकावर बिनबोभाट चालते म्हणून मोठ्या हौसेने ती स्नेह्याकडे धाडावी, आणि त्याच्या संगणकाला त्या भाषेची अक्षरओळखही नसल्यामुळे ती तेथे, मोडी न येणाऱ्याच्या हाती पडलेल्या सनदेसारखी, नुसतीच पडून राहावी, हा अनुभव नवशिक्यांना हमखास येतो.

सी भाषेत कंपायलर सबंध मजकूर एकदाच यंत्रभाषेत उतरवतो आणि त्याचे काम तेथेच संपते. गिडो व्हान रॉसम ह्यांनी अॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय ह्या संशोधनसंस्थेत असताना रचलेली व १९९१ साली प्रथम प्रसृत केलेली पायथॉन मात्र इंटरप्रिटर नावाच्या दुभाष्यावाचून पाऊलही टाकत नाही. हा दुभाष्या मूळ मजकूर थेट वाचत जातो ही समजूत अर्धीच खरी. तो आधी ‘बाइटकोड’ नामक टिपण करतो आणि ते समोर ठेवून काम उरकतो. पीवायसी फायलींत हेच टिपण असते; परंतु ते दुभाष्यालाच कळते, यंत्राला नव्हे, आणि दुभाष्याची आवृत्ती बदलली की बहुधा रद्दबातल ठरते.

मग तोड एकच: दुभाष्यालाच सोबत पाठवणे. पायइन्स्टॉलर हे साधन आज्ञावलीने कोणकोणत्या लायब्रऱ्या मागवल्या आहेत ह्याचा माग काढून, त्या, बाइटकोड आणि खुद्द इंटरप्रिटर असा सारा लवाजमा एकत्र बांधते. एकच फाइल करविली असेल, तर ती उघडताच प्रत्येक वेळी हा लवाजमा तात्पुरत्या फोल्डरात उतरतो, आणि मगच कामास आरंभ होतो. म्हणूनच एका ओळीच्या नमस्काराचे वजनही काही मेगाबाइट भरते. शिवाय विंडोजचे गाठोडे विंडोजवरच बांधावे लागते, लिनक्सचे लिनक्सवर. आणि आज्ञावली एखादी लायब्ररी ऐन वेळी, नाव जुळवून, बोलावीत असेल, तर ती बांधताना नकळत सुटते व तिची उणीव परमुलखी पोचल्यावरच कळते.

हे गाठोडे मोहोरबंद समजून त्यात गुपिते दडवणाऱ्यांची मला मौज वाटते. बाइटकोडवरून मूळ मजकुराच्या बरेच जवळ नेणारी साधने सर्रास मिळतात. ज्याला खरेखुरे भाषांतरच हवे, त्याने नुइटकाकडे वळावे. ते पायथॉनचे सी भाषेत रूपांतर करून कंपायलरच्या हवाली करते. तथापि कोणत्या नावाखाली केव्हा आकडा असेल आणि केव्हा शब्द, हे पायथॉनमध्ये आज्ञावली प्रत्यक्ष चालेपर्यंत ठरत नसल्यामुळे, तेथेही पायथॉनची मूळ लायब्ररी बरोबर न्यावीच लागते.