लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची वारंवार विश्रांती : कारण व उपाय

वीज वाचविण्यासाठी लॅपटॉपची हार्ड डिस्क काही सेकंद काम नसताच वाचनशीर्ष बाजूच्या उतारावर नेते. पुढे तबकडीही थांबते. बारीक ‘टिक्’ आवाज ही त्याची खूण होय. अनेक डिस्कची मर्यादा ६ लाख फेऱ्यांची असते. मिनिटाला दोन फेऱ्या व रोज ८ तास वापर धरल्यास ती ६२५ दिवसांत संपते. उबुंटू वापरणाऱ्यांत २००७ मध्ये यावरूनच मोठा वाद झाला होता.

‘स्मार्ट’ नोंदीतील १९३ क्रमांकाचा आकडा तासाच्या अंतराने दोनदा पाहावा. तो झपाट्याने वाढत असल्यास लिनक्समध्ये ‘एचडीपार्म’ आज्ञेने ऊर्जापातळी २५४ करावी. १२८ च्या खाली तबकडी थांबण्यास मुभा राहते. मात्र अखंड फिरणारी डिस्क अधिक तापते. पिंप्राळ्यासारख्या ठिकाणी, मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे झुकत असता, १९४ क्रमांकाची तापमानाची नोंदही पाहावी. ती ५५ अंशांपुढे गेल्यास पातळी थोडी उतरवावी. या साऱ्या खटाटोपाआधी शोधप्रबंधाची प्रत अन्यत्र उतरवून घेतलेली बरी.