व्हिसा-फ्री बार्बाडोस, पण लंडनचं काय?

२९ जून २०२४. बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकलो आणि रोहित शर्माने तिथल्या पिचवरचं गवत तोंडात टाकलं. ते रील तुम्हीही फॉरवर्ड केलंच असेल. आता त्या पिचपर्यंत पिंपळवंडीच्या पोराला पोचायचंय, तर काय लागेल?

पर्यटक म्हणून गेलात तर भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. म्हणून तर ‘व्हिसा-फ्री देश’वाल्या प्रत्येक रीलमध्ये हे बेट असतं. गोम वाटेतल्या देशात आहे, आणि ती कुठलंच रील सांगत नाही.

भारतातून तिकडे थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा, कारण तिथे ट्रान्झिटवाल्यालाही इमिग्रेशनमधून जावंच लागतं. लंडनला तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो (अमेरिकेसारख्या काही देशांचा व्हिसा आधीच असेल तर सूट मिळू शकते). त्यातून स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत, की बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडणं आलं आणि व्हिसाचा प्रकारच बदलला. कागद नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. लाखाच्या घरातलं तिकीट हातात, आणि तुम्ही परत आळेफाट्याला! तेव्हा आधी रूट ठरवा, त्या रूटचा व्हिसा मिळू द्या, मगच तिकीट. नियम बदलत राहतात, म्हणून एअरलाइनला विचारून घ्या. एजंटच्या ‘काही होत नाही ओ’वर जाऊ नका.

तिथे उतरल्यावर परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. त्यांचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. बसला कुठेही जा, साडेतीन डॉलर, म्हणजे आपले दीडशेच्या आसपास. एवढ्यात आपली एसटी पिंपळवंडीहून पुण्याच्या बरीच जवळ नेऊन सोडते. पण अख्खं बेटच ४३० चौरस किलोमीटरचं, त्यामुळे टॅक्सीची चैन करायची गरज नाही.

आणि हो, ट्रेकवाल्यांनो, मिलिटरी प्रिंटची कार्गो घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालणं बेकायदा आहे, अगदी टोपीसुद्धा.

जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा मोसम. त्यातले पहिले महिने आपल्याकडेही पावसाचे. माळशेजमध्ये दरड पडली की मुंबईचं विमान हुकलंच समजा. डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम, पण तेव्हा गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही चढलेले.

तिथवर गेल्यावर त्रिनिदादचा मोह होणारच. १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, ते तिथल्या पोर्ट ऑफ स्पेनला. जरूर जा, पण त्रिनिदादहून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला त्यानंतरच लागू होतो.