अर्ध्या शहरात आधी लस: नवी मुंबईची टायफॉइड मोहीम

संशोधनावरून आरोग्याचं धोरण ठरवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे आपण आपल्याच शहराच्या उदाहरणावरून पाहू. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या मुलांनी ही लस घेतलीही असेल.

14 जुलै ते 25 ऑगस्ट 2018 या काळात नवी मुंबई महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस दिली. सार्वजनिक यंत्रणेतून ही लस देण्याची जगातली ही पहिली वेळ. भारतात ती 2013 पासून मिळत होती, पण पैसे मोजणाऱ्याला.

आता कुणी म्हणेल, मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं असलेल्या शहराला टायफॉइडची लस कशाला? पाणी नीट करा की! मुद्दा रास्त आहे. पण धरणातलं पाणी वेगळं आणि गटाराशेजारून गेलेल्या नळातून घरच्या पिंपात पडलेलं पाणी वेगळं. शिवाय नेहमीच्या अँटिबायोटिक्सना हे जंतू दाद देईनासे झालेत. पाइपलाइन बदलेपर्यंत मुलांनी काय करायचं?

शहरात सुमारे 3 लाख 20 हजार मुलं या वयोगटात होती. म्हणून दोन टप्पे केले. 22 नागरी आरोग्य केंद्रांपैकी 11 केंद्रांची हद्द पहिल्या टप्प्यात घेतली, आणि ती कुणाच्या शब्दावर नाही, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. सगळी गंमत इथे आहे. आधी सोयीचे वॉर्ड घेतले असते, तर नंतर दिसलेला फरक लशीचा की चांगल्या वस्तीचा, हे कधीच कळलं नसतं.

पहिल्या टप्प्यात 1,13,420 मुलांना, म्हणजे सुमारे 71 टक्क्यांना लस मिळाली. पुढे तापाने रुग्णालयात आलेल्या मुलांचं ब्लड कल्चर केलं. विडाल टेस्टवर विसंबले नाहीत, हे बरं झालं. ती फार फसवते. ज्यांच्या रक्तात टायफॉइडचे जंतू सापडले आणि ज्यांच्या नाही, त्यांचे पत्ते ताडून पाहिले. दोन्ही गटांतली मुलं तापासाठीच आलेली, त्यामुळे ‘कोण डॉक्टरकडे जातं, कोण जात नाही’ हा घोळ बराच कमी होतो.

लस दिलेल्या भागांत टायफॉइड 56 टक्क्यांनी कमी निघाला. अंदाजाची व्याप्ती मात्र 25 ते 74 टक्के, म्हणजे बरीच रुंद. नेपाळमधल्या चाचणीत हीच लस सुमारे 82 टक्के परिणामकारक ठरली होती. मग इथे ती कमी पडली का? नाही. 56 हा मोहिमेचा आकडा आहे. त्यात त्या भागातली लस न घेतलेली मुलंही मोजलेली आहेत. पालिकेला खरं तर हाच आकडा हवा, कारण तिला मोहीम चालवायची असते.

‘पण दुसऱ्या अर्ध्या भागातल्या मुलांना थांबवून ठेवलं ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो टाळता येत नाही. एका दमात सगळ्यांपर्यंत पोचता येत नसेल, तर कुणीतरी थांबणारच. मला वशिल्यापेक्षा चिठ्ठी परवडते. फक्त थांबायचं किती, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

आणि एक बारीकशी गोष्ट. हे सगळं गणित पत्त्यावर उभं आहे. केसपेपरवर नुसतं ‘घणसोली’ लिहिलं असेल, तर मूल कोणत्या केंद्राच्या हद्दीतलं हे कळत नाही. सेक्टर, गल्ली, चाळ विचारणारी खिडकीवरची बाई आपल्याला खवट वाटते. पण तिने विचारलं नाही, तर ते मूल या हिशेबात येतच नाही.