सातबारा आणि त्याखालचे खनिज

सातबाऱ्यावर नाव असले की शेताखालच्या मुरुमापासून कोळशापर्यंत सगळ्यावर आपली मालकी, हा समज महाराष्ट्रात जुना आहे आणि चिवटही आहे. अलीकडे त्याला एका निकालाचा आधार दिला जातो: ‘सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले की जमिनीचा मालक तोच खनिजाचा मालक, सरकार मात्र हे लपवते आणि रॉयल्टी उकळते.’ निकाल खरा आहे, तारीखही खरी आहे. तो महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला लागू होतो, ही मात्र भर आहे. तिच्यावर विसंबून विनापरवाना मुरूम काढला, तर खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो.

हा निकाल थ्रेसिअम्मा जेकब विरुद्ध केरळच्या खाण व भूशास्त्र विभागातील जिऑलॉजिस्ट या खटल्यातला. ८ जुलै २०१३ रोजी न्या. लोढा, न्या. चेलमेश्वर आणि न्या. लोकूर यांच्या पीठाने तो दिला. वाद मलबारमधल्या जन्मम, म्हणजे परंपरेने पूर्ण मालकीच्या, जमिनींवरच्या खाणींचा होता. राज्य सरकार रॉयल्टी मागत होते. जमीनमालकांचे म्हणणे होते की खनिज आमचेच, मग रॉयल्टी कशाची? खनिजाच्या मालकीपुरती न्यायालयाने मालकांची बाजू उचलून धरली. भूगर्भातली सगळी खनिजसंपत्ती सरकारची आहे असे घोषित करणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही, आणि सामान्यतः ज्याच्याकडे जमिनीची मालकी असेल त्याच्याकडेच भूगर्भाची मालकी जाते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे एक अट आहे: वैध कायदेशीर मार्गाने ती मालकी काढून घेतलेली नसेल तर. निकालाचा हवाला देणारे बहुतेक जण नेमके या अटीच्या आधी थांबतात.

महाराष्ट्रात तो वैध मार्ग केव्हाच अवलंबलेला आहे. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ हिच्या कलम ६९ने बिनदुमाला जमिनींतल्या खाणी आणि खनिजे यांवरचा हक्क सरकारने स्पष्टपणे राखून ठेवला; भोगवटादाराचे आधीपासून असलेले हक्क तेवढे वगळले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे कलम ४८ आणखी स्पष्ट आहे. खनिज जमिनीवर असो वा जमिनीखाली, नदीपात्रात असो, नाल्यात असो की जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यात, त्यावरचा हक्क राज्य सरकारकडे निहित आहे. यात अर्थ लावायला फारशी जागाच नाही. मलबारचा जन्मी ब्रिटिश अमलापूर्वीपासून जमिनीचा निरपवाद मालक मानला जाई, आणि जन्मम जमिनीतल्या खनिजावर सरकार दावा सांगत नाही हे मद्रास इलाख्याच्या महसूल मंडळानेही आपल्या स्थायी आदेशात मान्य केले होते. रयतवारीतला मराठी शेतकरी हा पहिल्यापासून सरकारला सारा देणारा भोगवटादार. दोघांचे हक्क वेगळ्या मुळांतून आले आहेत, म्हणून एकाचा निकाल दुसऱ्याच्या सातबाऱ्याला चिकटवता येत नाही.

याहून मोठी गफलत पुढे आहे. मालकी सिद्ध झाली की खणायची मोकळीक मिळाली, असे गृहीत धरले जाते. मालकी आणि खाणकामाची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याच्या कलम ४नुसार परवान्याविना किंवा खाणपट्ट्याविना कोणालाच खनिज काढता येत नाही. ‘कोणालाच’ यात मालकही आला. मेघालय याचे उत्तम उदाहरण. तिथल्या डोंगरांत जमीन आणि तिच्याखालचा कोळसा दोन्ही आदिवासी कुटुंबांच्या वा समूहांच्या मालकीचे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१९च्या निकालात मान्य केले. त्याच निकालात हेही सांगितले, की कोळसा काढायचा तर १९५७च्या कायद्याप्रमाणे खाणपट्टा लागेलच. त्याआधी अनेक वर्षे तिथे उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतून बेकायदा कोळसा निघत होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली बंदी घातल्यावरही ते थांबले नाही आणि डिसेंबर २०१८मध्ये क्सान गावच्या खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले.

या गैरसमजामागे सरकारविषयीचा अविश्वास आहे, आणि तो बिनबुडाचा नाही. गोव्याचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. पोर्तुगीज राजवटीने १९०६च्या फर्मानाखाली खाणींच्या सवलती दिल्या, त्याही मुदतीविना. भारत सरकारने १९८७ साली कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१पासून त्यांना खाणपट्टे मानले. या पट्ट्यांची मुदत नूतनीकरणासह २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. म्हणजे मुदत संपल्यावरही सुमारे पाच वर्षे खनिज बाहेर जात राहिले आणि शासनाने ते जाऊ दिले. पुढे राज्याने तेच पट्टे लिलाव न करता पुन्हा जुन्याच खाणमालकांना दिले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने असे ८८ पट्टे रद्द केले. लोकांचा सरकारवर विश्वास का नाही, याचे उत्तर इथे मिळते. पण यातून खनिज खासगी आहे असे निघत नाही, उलटच निघते. गोव्यातली खरी तक्रार ही, की सार्वजनिक मालमत्ता असताना सरकारने ती राखणदारासारखी सांभाळली नाही. ‘खनिज माझे’ म्हणणारा जमीनमालक आणि ‘सवलत माझी, म्हणून खाण माझी’ म्हणणारा खाणमालक यांचा युक्तिवाद एकाच जातीचा आहे.

खनिज आपले नाही म्हणून जमीनमालकाच्या हाती काहीच उरत नाही, असेही नाही. पृष्ठभागावरचा हक्क त्याचाच असतो. खाणकामामुळे जमीन व्यापली गेली किंवा तिची नासधूस झाली तर भरपाई देणे महसूल संहितेच्या कलम ४८नेच बंधनकारक केले आहे, आणि १९५७च्या कायद्यातही खाणपट्टेदाराने भोगवटादाराला भरपाई देण्याची तरतूद आहे. कितीतरी ठिकाणी या भरपाईसाठी कागद जमवण्याऐवजी मालकीच्या हरलेल्या दाव्यात वर्षे घालवली जातात.

नेमका उलटा गैरसमज सुशिक्षितांत जास्त दिसतो: देशातले सगळे खनिज केंद्र सरकारचे. तसे नाही. प्रादेशिक समुद्राखालचे आणि भूखंडमंचावरचे खनिज घटनेच्या अनुच्छेद २९७ने केंद्राचे आहे. जमिनीवर सर्वसाधारणपणे मालक राज्य असते आणि केंद्र नियमन करते. शिवाय खनिज सरकारखेरीज इतर कोणाचे असेल तर खाणपट्टा कसा द्यावा, यासाठी १९६०च्या खनिज सवलत नियमांत स्वतंत्र प्रकरणच होते. खासगी खनिज अस्तित्वातच नसते तर त्याची गरज पडली नसती.

मालकीशी जोडलेला आणखी एक समज, रॉयल्टी हा कर आहे, हाही आता मोडीत निघाला आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की रॉयल्टी हा खाणपट्टेदाराने खनिजाच्या मालकाला द्यायचा मोबदला आहे.

घराचा पाया खणताना निघालेल्या मातीवर रॉयल्टी द्यावीच लागते, हेही सरसकट खरे नाही. माती भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर ती गौण खनिज ठरते. नुसती खोदाई पुरेशी नाही. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये हे सांगितले आहे. महसूल कार्यालयात हा निकाल सोबत नेलेला बरा.

जमिनीखाली गुप्तधन सापडले की सरकार तेही फुकट हडपते, अशी भीती असते. १८७८चा निखात निधी अधिनियम वेगळे सांगतो. धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ते घ्यायचेच असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. वाटा जातो तो सापडल्याची खबर न देणाऱ्याचा.

ग्रामसभेने ठराव केला की कोणतीही खाण थांबते, असे गडचिरोलीपासून कोकणापर्यंत ऐकू येते. १९९६च्या पेसा कायद्यात ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे ती अनुसूचित क्षेत्रात, आणि तीही गौण खनिजांच्या पट्ट्यांसाठी. लोहखनिज किंवा बॉक्साइट त्यात येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो २००६चा वनहक्क कायदा. ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये याच कायद्याच्या आधारे ग्रामसभांकडे पाठवला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाची परवानगी फेटाळली. निर्णायक ठरले ते तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचे वनहक्क आणि त्यांच्या देवाचा डोंगर. खालचे बॉक्साइट त्यांच्या मालकीचे आहे असे त्यांना सिद्ध करावे लागले नाही.