सिडनीला गेलेली कलकत्त्याची डाळ आणि एक बिननावाचा खलाशी

उर्दूत 'लश्कर' म्हणजे फौज. याच फारसी शब्दावरून इंग्रजांनी 'लस्कर' केला आणि तो हिंदुस्थानी खलाशांना चिकटवला. हे बहुतेक गरीब घरचे, त्यांत मुसलमान पुष्कळ. कोकणात ज्यांचे आजोबा-पणजोबा आगबोटीवर होते, त्यांना हे आयुष्य समजावून सांगायला नको.

1788 मध्ये इंग्रजांनी कैदी नेऊन सिडनीची वसाहत वसवली. शेती नीट पिकेना, उपासमार सुरू झाली. इंग्लंडहून जहाज यायला कितीतरी महिने लागत, त्यामानाने कलकत्ता जवळ. म्हणून गव्हर्नर फिलिपने 'अटलांटिक' हे जहाज तिकडे धाडलं. जून 1792 मध्ये ते तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन परतलं. इंग्रज कैद्यांच्या रेशनमध्ये डाळ!

मग खासगी व्यापारी उतरले. नोव्हेंबर 1796 मध्ये कलकत्त्याच्या कॅम्पबेल अँड क्लार्क कंपनीने 'सिडनी कोव्ह' हे जहाज पाठवलं. मालाची मागणी कुणी नोंदवली नव्हती. तिकडे टंचाई आहे, भाव चढा मिळेल, एवढाच हिशोब. तांदूळ, कापड, चहा, चिनी मातीची भांडी होतीच, पण खरी कमाई दारूत. सुमारे सात हजार गॅलन भरली होती! सिडनीत रम पैशासारखी चालायची आणि लष्करी अधिकारी तिचा धंदा करायचे.

वाटेत जहाज गळू लागलं. खलाशी थंडीत रात्रंदिवस पंप मारत राहिले, काही त्यातच दगावले. फेब्रुवारी 1797 मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटाजवळ जहाज रुतलं. मदत आणायला 17 जण होडीतून निघाले, त्यांत 12 लस्कर. होडीही किनाऱ्यावर फुटली. मग पायी, सुमारे 700 किलोमीटर. वाटेत तिथल्या मूळ रहिवाशांनी मासे दिले, नद्या पार करून दिल्या. काही ठिकाणी हल्लेही झाले.

मे महिन्यात सिडनीजवळ तिघेच जिवंत सापडले: व्यापारी विल्यम क्लार्क, खलाशी जॉन बेनेट आणि एक बंगाली लस्कर. क्लार्कने वाटेत पाहिलेल्या दगडी कोळशाची बातमी सरकारला दिली, त्याचीही नोंद झाली. पुढे कॅम्पबेल घराण्यातला रॉबर्ट सिडनीत मोठा व्यापारी झाला, त्याच्या नावाचा धक्का आजही तिथे आहे.

तिसऱ्या माणसाचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.